उपेक्षा : एका शब्दाचे दोन अर्थ

कांहीं शब्दांचें दैव मोठें विचित्र असतें. एका काळीं ते उच्चासनावर बसलेले असतात आणि पुढें केव्हां तरी, कोणाच्या नकळत, त्यांस खालच्या पायरीवर येऊन बसावें लागतें. ‘उपेक्षा’ हा असाच एक शब्द आहे. मराठवाड्याची उपेक्षा झाली असें आपण म्हणतों. म्हाताऱ्या आईबापांची मुलांनीं उपेक्षा केली असें ऐकून हळहळतों. या प्रत्येक ठिकाणीं उपेक्षा हा दोष आहे, किंबहुना अपराध आहे. परंतु हाच शब्द पाली भाषेंत ‘उपेक्खा’ या रूपानें येतो, तेव्हां तो मनुष्याच्या चित्ताची अत्यंत उंच अशी अवस्था सांगतो. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांस बौद्ध वाङ्मयांत ‘ब्रह्मविहार’ म्हणतात, आणि त्या चौघींत उपेक्षेचें स्थान शेवटचें आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतहि हे चार शब्द याच क्रमानें आलेले आहेत.

मूळ धातु पाहिला तर ‘उप’ आणि ‘ईक्ष्’, म्हणजे जवळ राहून पाहणें. आतां, जवळ राहून पाहणाऱ्याच्या हातून दोन गोष्टी घडूं शकतात. जें दिसलें त्यानें तो डगमगत नाहीं, ही एक. आणि दिसूनहि न दिसल्यासारखें करून तो निघून जातो, ही दुसरी. एकाच शब्दाच्या पोटीं हे दोन अर्थ नांदत आले, आणि मराठींत त्यांपैकीं दुसराच तेवढा शिल्लक राहिला.

हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न असता, तर मीं आपला वेळ घेतला नसता. जग अनित्य आहे, जें येईल तें समचित्तानें स्वीकारावें, हा उपदेश ऐकणाऱ्याच्या कानीं दोन तऱ्हांनीं पडूं शकतो. ज्याचें घर भरलेलें आहे त्यास तो शांति देतो. ज्याचें घर पडलें आहे त्यास मात्र ‘तूं आतां गप्प रहा’ असा त्याचा अर्थ लागण्याचा संभव असतो. मग बुद्धाची शिकवण यांपैकीं कोणत्या अर्थाची? या प्रश्नाचा विचार नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या साक्षीनें करावा, असा माझा आजचा हेतु आहे. कारण परिवर्तन म्हणजे काय हें या प्रदेशाला पुस्तकांतून शिकावें लागलेलें नाहीं.

प्रथम या प्रदेशाचा आणि बुद्धवचनाचा जुना ऋणानुबंध सांगितला पाहिजे. सुत्तनिपात हा पाली वाङ्मयांतील अतिशय प्राचीन समजला जाणारा ग्रंथ. धर्मानंद कोसंबी यांनीं त्याचें मराठी भाषांतर करून ठेवलेलें आहे. त्याच्या ‘पारायणवग्ग’ नांवाच्या शेवटच्या भागांत बावरी नांवाच्या ब्राह्मणाची कथा येते. कोसल देशांतून दक्षिणापथांत आलेला हा वृद्ध गोदावरीच्या कांठीं, अस्सक आणि अळक या देशांच्या शेजारीं, आश्रम करून राहत असे. अस्सक म्हणजे अश्मक. त्या देशाची राजधानी पोतन. आणि आजचें बोधन हेंच तें पोतन असावें असें अनेक अभ्यासक मानतात. बोधन आज तेलंगणांत असलें तरी नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून तें दूर नाहीं, आणि लातुराकडून वाहत येणारी मांजरा त्याच परिसरांत गोदावरीस मिळते. तेव्हां बावरीची कथा ही आपल्या दोन्ही नद्यांच्या मुलखांतली कथा होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं. नांदेड जिल्ह्यांत अर्धापूर तालुक्यांतील दाभड येथें जो महाविहार आहे, त्या स्थानास ‘बावरीनगर’ हें नांव दिलेलें आहे, आणि तेथें पौष पौर्णिमेच्या सुमारास धम्मपरिषद भरते. लोकांनीं ही आठवण कशी जपली आहे तें यावरून दिसून येईल.

ग्रंथांतली कथा अशी आहे. बावरीनें मोठा यज्ञ करून जवळचें सर्व कांहीं देऊन टाकलें. त्यानंतर एक याचक आला आणि पांचशें नाणीं मागूं लागला. देण्यास कांहीं उरलें नाहीं असें ऐकतांच, ‘सातव्या दिवशीं तुझ्या मस्तकाचीं सात शकलें होतील,’ असा शाप त्यानें दिला. बावरीनें अन्न टाकलें. ध्यानांत त्याचें मन रमेना. उद्यां काय होईल या एका भयानें एका विद्वान वृद्धाची ही दशा झाली! अखेर त्यास कळलें कीं, मस्तक म्हणजे काय आणि तें फुटणें म्हणजे काय, हें शाप देणाऱ्यास मुळींच ठाऊक नाहीं. तें जाणणारा पुरुष उत्तरेस आहे. मग त्यानें आपले सोळा शिष्य पाठविले. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती अशी मजल दरमजल करीत ते मगधांत पोंचले. बुद्धानें त्यांस सांगितलें तें असें कीं, अज्ञान हेंच मस्तक होय, आणि श्रद्धा, स्मृति, समाधि व वीर्य यांची जोड मिळालेली विद्या तें फोडते. शापावर उतारा म्हणून दुसरा मंत्र त्यानें दिला नाहीं. भय ज्याचें वाटतें तें नीट पाहावयास लावलें.

त्या सोळा जणांत कप्प नांवाचा एक होता. त्याचा प्रश्न नदीकांठच्या माणसालाच सुचावा असा आहे. भयंकर महापुराच्या मध्यभागीं सांपडलेल्या, जरामरणानें घेरलेल्या माणसांस आसऱ्याचें बेट कोणतें, असें त्यानें विचारलें. गोदावरीचा पूर ज्यानें नांदेडच्या घाटावरून पाहिला असेल, त्यास या प्रश्नांतील व्याकुळता निराळी समजावून सांगावयास नको. उत्तराचा आशय असा कीं, ज्याच्या मनांत ‘हें माझें’ म्हणून घट्ट धरून ठेवण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, त्यास तें बेट सांपडलें. पूर ओसरेल असें आश्वासन बुद्धानें दिलें नाहीं.

या उत्तराच्या मागें जो विचार आहे तो थोडक्यांत असा : जें जें कारणांनीं जुळून आलेलें आहे, तें तें कारणें बदलतांच बदलतें. बदलाचा असा कांहीं विशेष राग आपणांवर नसतो. लाभ आणि अलाभ, यश आणि अपयश, निंदा आणि स्तुति, सुख आणि दुःख हे आठ लोकधर्म आळीपाळीनें प्रत्येकाच्या दारीं येतात. ज्यानें विचार केलेला नाहीं, तो यांतल्या चारांच्या मागें धांवतो आणि चारांपासून पळतो. ज्यानें केलेला आहे, तो येणाऱ्या प्रत्येकास ‘हेंहि जाणार’ असें ओळखून असतो. लातुरांतील सुशिक्षित कुटुंबांस याचें उदाहरण दूर शोधावयास नको. शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’चें नांव सर्व महाराष्ट्रांत झालें आहे. परीक्षांच्या निकालाच्या दिवशीं त्या शहरांत काय होतें, तें डोळ्यांपुढें आणा. एका घरीं पेढे वाटले जात असतात आणि शेजारच्या घरीं दार लावून घेतलेलें असतें. वर्षानंतर कदाचित् उलट होईल. पण त्या दिवशीं दोन्हीं घरांस असेंच वाटतें कीं, आतां जें झालें तें कायमचें झालें. निकाल येतो तो कागदावर; तो कायमचा आहे ही भावना मनाची.

हाच विचार संयुत्तनिकायांत दोन बाणांच्या दृष्टान्तानें सांगितलेला आहे. एखाद्यास बाण लागावा, आणि लगेच दुसरा बाण लागावा, तशी सामान्य माणसाची स्थिति होते. पहिला बाण म्हणजे शरीरास होणारी वेदना. दुसरा म्हणजे तिच्यापायीं केलेला आक्रोश, चरफड आणि ‘हें मलाच कां’ असा कोंडमारा. शिकलेल्या शिष्यास पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाहीं. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पहिला बाण लागतच नाहीं असें बुद्धानें म्हटलेलें नाहीं. ज्ञान्यासहि दुखतें. समचित्तता म्हणजे दगड होणें असतें, तर त्या दृष्टान्तांत एकहि बाण घालण्याचें कारण नव्हतें.

इथपर्यंत विचार सोपा आहे. आतां त्यास कसोटीवर लावूं.

ता. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गणपतीचें विसर्जन करून उशिरा घरीं आलेलीं माणसें झोंपेंत होतीं. ता. ३० ला पहांटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर व आसपासचीं गांवें भूकंपानें हादरलीं. सहाहून अधिक तीव्रतेचा तो धक्का थोड्याच क्षणांचा होता. त्यांत दहा हजारांच्या आसपास माणसें गेलीं. दख्खनचें पठार म्हणजे अचल भूमि, अशी समजूत शाळेंतल्या पुस्तकांपासून शास्त्रज्ञांच्या ग्रंथांपर्यंत रूढ होती. जिच्यावर उभें राहून आपण ‘सर्व अनित्य आहे’ असें म्हणतों, ती जमीनहि अनित्यांतच मोडते, हें त्या पहांटे कळलें.

आतां विचारा, किल्लारीच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या आईपाशीं जाऊन ‘बाई, समचित्त रहा’ असें म्हणावें काय? बुद्धाच्या कथा मला जशा समजल्या आहेत, त्यांवरून त्यानें असें म्हटलें नसतें. किसा गोतमीची कथा सर्वांस ठाऊक आहे. मेलेलें मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. बुद्धानें तिला अनित्यतेवर प्रवचन दिलें नाहीं. ज्या घरांत कोणी मेलें नाहीं अशा घरांतून मोहरी आणावयास सांगितलें. ती दारोदार गेली. प्रत्येक दारीं मोहरी होती आणि प्रत्येक दारीं कोणी ना कोणी गेलेलें होतें. तें घरोघरीं ऐकतां ऐकतां तिचें दुःख एकटेपणांतून बाहेर आलें, आणि मग तिनें मूल खालीं ठेवलें. किल्लारीस तर मोहरी मागावयास जाण्याचीहि गरज नव्हती. सारें गांवच एकमेकांच्या दारांत बसलेलें होतें, आणि दारें मात्र राहिलीं नव्हतीं. दुसरी कथा आनंदाची. बुद्धाचा अंतकाळ जवळ आला तेव्हां हा निकटचा शिष्य दाराशीं टेकून रडत उभा राहिला. बुद्धानें त्यास बोलावून घेतलें, वियोग अटळ असल्याची आठवण दिली, आणि लगेच सर्वांसमक्ष त्याच्या दीर्घ सेवेची वाखाणणी केली. रडणाऱ्यास त्यानें दूर लोटलें नाहीं, जवळ बोलावलें.

आपत्तीनंतर मनुष्य आणखी एक प्रश्न विचारतो. कोणत्या पापाचें हें फळ? हा प्रश्न म्हणजे दुसऱ्या बाणाला लावलेलें विष आहे. मोळिय सीवक नांवाच्या परिव्राजकानें बुद्धास असेंच विचारलें होतें : जें जें सुखदुःख होतें तें तें पूर्वकर्मामुळेंच, असें कित्येक म्हणतात, तें खरें काय? बुद्धानें आठ कारणें सांगितलीं. पित्त, कफ, वात, त्यांचें मिश्रण, ऋतूंतील पालट, हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवें कर्माचें फळ. सर्व कांहीं कर्माच्याच माथीं मारणारे स्वतःच्या अनुभवाच्याहि पलीकडे जातात आणि जगांत जें खरें म्हणून सर्वमान्य आहे त्याच्याहि पलीकडे जातात, असा त्याचा निर्णय आहे. महापरिनिब्बानसुत्तांत भूकंपाचीं कारणें आलीं आहेत, तेथेंहि पहिलें कारण निसर्गांतलें, पाणी आणि वारा यांच्या हालचालीचें आहे. तें शास्त्र आज कोणी खरें मानणार नाहीं. पण शोध पापाचा न करतां कारणाचा करावयाचा, ही दिशा आजहि खरी आहे.

ती दिशा धरून किल्लारीकडे पाहिलें म्हणजे काय दिसतें? अभियंत्यांनीं जें पाहिलें तें असें. घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, हातभर किंवा त्याहूनहि जाड, आणि नुसत्या मातींत रचलेल्या. वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत घर थंड राहावें म्हणून पिढ्यान् पिढ्या ही बांधणी चालत आलेली होती. धक्क्यानें भिंती उकलल्या आणि माळवद झोंपलेल्या माणसांवर आलें. जेथें लांकडी खांबांवर आणि तुळयांवर छप्पर नीट तोललेलें होतें, तेथें कांहीं घरांत भिंती पडूनहि छप्पर उभें राहिलें. शिवाय आदल्या वर्षींहि त्या परिसरांत धक्के जाणवलेले होते. याचा अर्थ असा कीं, पृथ्वीचें हलणें आपल्या हातीं नव्हतें. माणसें ज्या बांधणीमुळें गेलीं ती मात्र पुष्कळ अंशीं माणसाच्या हातची होती. जें आपल्या हातीं नाहीं तें स्वीकारणें ही समचित्तता. जें आपल्या हातीं आहे तेंहि त्याच गांठोड्यांत बांधून नशिबाच्या स्वाधीन करणें ही मराठी अर्थाची उपेक्षा. दोहोंमधली रेघ ओळखण्यासच प्रज्ञा म्हणतात.

पुढें बावन्न गांवें जुन्या पांढरीवरून उठून नव्या जागीं वसलीं. शासन, जागतिक बँकेचें साहाय्य, देशभरच्या संस्था यांनीं मिळून तें काम केलें. भूकंपास तोंड देतील अशीं घरें आलीं, सरळ रस्ते आले. पण जुनी गल्ली, एकमेकांस लागून असलेल्या ओसऱ्या, पिढ्यान् पिढ्यांचा शेजार, हें सर्व नव्या आखणींत जसेंच्या तसें येणें शक्य नव्हतें. आपत्तीच्या पाठोपाठ तिचा उपायहि एक परिवर्तन होऊन आला. जुनें घर स्मरणांत ठेवून नव्या घराच्या दारांत तुळस लावणें, यांत जी स्वीकाराची शक्ति आहे तिला मी मोठा मान देतों. तिच्यासाठीं पाली येण्याची अट नाहीं.

दुसरें उदाहरण पाण्याचें. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें. लातूर शहरांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. एप्रिलच्या १२ तारखेस मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. त्याच वर्षीं पावसाळा सरतां सरतां तेंच मांजरा धरण भरलें. एका वर्षांत एकाच शहरानें कोरडें धरण आणि भरलेलें धरण पाहिलें. लोकधर्मांचें चक्र फिरतें म्हणतात, तें आणखी निराळें काय असतें? येथें समचित्ततेची कसोटी दोनदां लागते. कोरड्या धरणापुढें हातपाय न गाळणें ही पहिली कसोटी आपण मानतों. दुसरी आपण विसरतों. ती म्हणजे भरलेल्या धरणापुढें न भुलणें. धरण भरलें कीं टंचाई मनांतून जाते, आणि तळें, विहीर, पिकांची निवड यांच्या गोष्टी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाजूला पडतात. सुखांतली बेसावधी हीहि समतेची उणीवच आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. समता आणि अनास्था यांतील भेद प्राचीनांस ठाऊक होता काय? होता, आणि त्यांनीं तो फार मार्मिकपणें सांगून ठेवला आहे. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत बुद्धघोषाचार्यांनीं ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. धर्मानंद कोसंबी यांनीं त्याचेंहि संपादन केलेलें आहे. त्यांत प्रत्येक सद्भावनेचे दोन शत्रु सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रु उघड असतो. उपेक्षेचे दूरचे शत्रु म्हणजे आसक्ति आणि द्वेष. जवळचा शत्रु मित्राचा वेष घेऊन येतो. उपेक्षेचा जवळचा शत्रु म्हणजे अज्ञानांतून आलेली उपेक्षा, ज्याला आपण बेफिकिरी म्हणूं. बाहेरून दोन्हीं सारखीं दिसतात. दोघांचाहि चेहरा शांत असतो. एकानें सर्व पाहिलेलें असतें म्हणून तो शांत. दुसऱ्यानें कांहींच पाहिलेलें नसतें म्हणून तो शांत.

त्याच ग्रंथांत चार मुलांच्या आईचा दृष्टान्त आहे. एक मूल तान्हें, एक आजारी, एक ऐन तारुण्यांत आलेलें, आणि एक आपल्या कामांत गुंतलेलें. तान्हें वाढावें असें आईस वाटतें, ही मैत्री. आजारी बरें व्हावें असें वाटतें, ही करुणा. तरुणाचें तारुण्य टिकावें असें वाटतें, ही मुदिता. आणि जो आपलें काम आपण करण्यास समर्थ आहे त्याच्याविषयीं ती निश्चिंत असते, ही उपेक्षा. या दृष्टान्तांत आमच्या सर्व प्रश्नाचें उत्तर आहे. आजारी मुलाच्या वांट्यास करुणा आहे. त्याला उपेक्षा देणारी आई समचित्त ठरत नाहीं, तिनें मुलांची अदलाबदल केली एवढेंच सिद्ध होतें. चार भावनांचा क्रम उगाच लाविलेला नाहीं. पहिल्या तिघींच्या दारांतून गेल्याखेरीज चौथीच्या घरांत प्रवेश नाहीं. ज्यानें दुसऱ्याचें दुःख हातांत घेऊन पाहिलें नाहीं, त्यानें ‘सर्व अनित्य आहे’ असें दुसऱ्यास सांगूं नये. तो उपदेश ज्यानें त्यानें स्वतःस करावयाचा असतो.

या भेदाचा सामाजिक अर्थ आधुनिक काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सर्वांत स्पष्टपणें मांडला. सन १९५७ मध्यें, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्ध व धम्म यांवरील ग्रंथांत ते दाखवितात कीं, पूर्वजन्मीच्या कर्मावर सर्व भार टाकला म्हणजे गरिबांच्या व पददलितांच्या स्थितीची जबाबदारी समाज आणि राज्य यांस झटकून टाकतां येते. ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं धम्मदीक्षा घेतली, ती शांति शोधणाऱ्या एकट्या माणसाची दीक्षा नव्हती; शतकानुशतकांची उपेक्षा नाकारणाऱ्या लाखों माणसांचा तो निश्चय होता. बुद्धाचा मार्ग म्हणजे मुकाट्यानें सोसणें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं मराठवाड्याचा अलीकडचा इतिहास पाहावा. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव १९७८ च्या जुलैंत विधिमंडळानें केला. त्यावर नांदेड, परभणी आदि जिल्ह्यांतून जो हिंसाचार उसळला, त्यांत दलितांचीं घरें जाळलीं गेलीं, माणसें मारलीं गेलीं. मागणी सोडली गेली नाहीं, ता. १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षें एखादी न्याय्य गोष्ट धरून राहण्यास जो धीर लागतो, तो मनाची तोल राखण्याची शक्ति असल्यावांचून येत नाहीं.

परिवर्तनाचा हा नियम खुद्द बौद्ध धर्मासहि लागू पडला आहे. लातुरापासून फारसें दूर नसलेलें, धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक ग्रंथांत पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी पेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथलें कापड गाड्यांतून भडोचेस जात असे. तेथें स्तूपाचे अवशेष सांपडले आहेत. तेथलें त्रिविक्रमाचें देऊळ पाहण्यासारखें आहे. विटांचें, मागच्या बाजूस अर्धगोल असलेलें हें गर्भगृह मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें, असें पुरातत्त्वज्ञांचें मत आहे. त्याच विटांखालीं आज विष्णूचें वामनरूप उभें आहे. याच तेरला पुढें गोरोबा कुंभार झाले. देवता पालटली, भाषा पालटली, पेठ मोडली. पण ती वास्तु टिकली, कारण कोणत्याहि काळीं कोणी ना कोणी तिची उपेक्षा केली नाहीं. अनित्य वस्तूची निगा राखणें हा अनित्यतेच्या शिकवणीशीं विरोध नाहीं. निगा राखण्याचें कारणच तें आहे. जी वस्तु आपोआप सदैव टिकणार, तिला निगेची काय गरज?

आतां आपल्या घरांतली गोष्ट. मोठी आपत्ति रोज येत नाहीं. लहान बाण मात्र रोज येतात. कोणाचा अपमानाचा शब्द, मुलाचे कमी गुण, बदलीचा हुकूम, दवाखान्यांतून आलेला अहवाल. असा बाण लागला म्हणजे पहिल्यानें एवढेंच करावें कीं, दुखतें आहे हें स्वतःशीं कबूल करावें. दुखत नाहीं असें सोंग आणूं नये. दुसऱ्यानें, मनांत जी चरफड उठते ती दुखण्याहून निराळी आहे, हें पाहावें. ती उठते, वाढते आणि पाहतां पाहतां ओसरते. तिसऱ्यानें असें विचारावें कीं, यांत माझ्या हातचें काय आहे? असेल तें त्याच दिवशीं करूं लागावें. आणि चौथ्यानें, शेजारच्या घरीं कोणता बाण लागला आहे, याची चौकशी करावी. हें चौथें राहिलें तर पहिलीं तीन पुरीं झालीं असें समजूं नये.

श्रोतेहो, बुद्धाचा अखेरचा उपदेश अगदीं लहान आहे. त्याचे दोन भाग आहेत. घडलेलें सर्व झिजणारें आहे, हा पहिला. म्हणून अप्रमादानें, सावधपणें, आपलें कार्य सिद्धीस न्या, हा दुसरा. आपण बहुधा पहिला भाग पाठ करतों आणि दुसरा सोडून देतों. पहिल्यावांचून दुसरा केला तर धांवपळ होते. दुसऱ्यावांचून पहिला केला तर मराठींतली उपेक्षा होते. दोन्हीं एकत्र आले म्हणजे पालीतली उपेक्खा होते.

बावरीच्या सोळा शिष्यांत सर्वांत वृद्ध पिंगिय होता. शरीर थकलें, दृष्टि मंदावली, अशी तक्रार त्यानें स्वतःच बुद्धाजवळ केली होती. पण तोच परत गोदातीरीं आला आणि आपल्या वृद्ध गुरूस सर्व वृत्तांत सांगता झाला. त्याचें म्हातारपण गेलें नव्हतें, दृष्टि परत आलेली नव्हती. गोदावरीहि पूर्वीप्रमाणेंच वाहत होती. तरी गुरूपर्यंत तो निरोप पोंचविण्याचें काम त्यानें टाकलें नाहीं. जवळ राहून पाहणें या शब्दाचा जुना अर्थ अशाच माणसांनीं जिवंत ठेविला आहे. तो आपणांस आपल्या मराठींतहि पुन्हां आणतां आला, तर या प्रदेशाच्या दोन्हीं नद्यांकांठीं त्याची फार गरज आहे, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.